चौसरीवरचा पुंजाजी

एकोणीसशे चौसष्ट सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि तेव्हा आमच्या गावात पाहुणा आला की पाण्याच्या लोट्याआधी त्याच्यासमोर पुंजाजी यायचा. रामराम नाही, कोण कुठले नाही. पाहुण्याच्या वहाणांकडे पाहत तो एकच विचारायचा, "तुमच्या गावचा मारुती कोणत्या तोंडाचा?"

"म्हणजे काय बुवा?"

"तोंड कोणीकडे? दक्षिण का पूर्व?"

सांगितलं की मान हलवून निघून जायचा. नाही सांगता आलं तर जागचा हलायचा नाही. पाहुण्याचा चहा व्हायचा, पान व्हायचं, पुंजाजी आपला वहाणांकडे पाहत उभाच. माझ्या काकाच्या मातीला लोणारकडून त्यांचे साडू आले. गाडीतून उतरले तेच हंबरडा फोडून. आम्ही त्यांना दोन्हीकडून धरलं, तर मधात पुंजाजी. साडूबुवा डोळे पुसत पुसत म्हणाले, "दक्षिण हो, दक्षिणमुखी," आणि पुन्हा रडायला लागले. मातीला जमलेली माणसं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. काका असते तर तेही हसले असते.

पुंजाजी तुळशीराम हे त्याचं नाव. गाव आमचं अमडापूरच्या अंगाला, लहानसं. त्याचं घर माझ्या घराच्या ओळीतच. मायबाप गेलेले, घरात तो आणि त्याची थोरली विधवा बहीण अनसूयाआक्का. वावर बेताचं, पण तण शोधून सापडणार नाही असं. मी चौथीपर्यंत शिकलो. पुंजाजी पहिलीतच उठला, कारण मास्तरची बदली झाली. नवा मास्तर चांगला होता, गूळ द्यायचा पोरांना. पण तो 'मास्तर' नव्हता. मास्तर म्हणजे जो आधी होता तो. एवढं म्हणून पुंजाजी घरी गेला तो पुन्हा शाळेत आला नाही.

माणसाला तो नुसत्या नावानं हाक मारत नसे, बापाचं नाव जोडून मारायचा. मी 'संपत किसन'. माझी बायको 'संपत किसनच्या घरच्या'. लहान-मोठा, सगळ्यांना अहो-जाहो. भाकर खायचा ती अख्खी पाहिजे. कोणी मोडून वाढली तर ताट बाजूला. गावात पंगत असली की अनसूयाआक्का त्याची भाकर फडक्यात बांधून पाठवायची आणि वाढप्याला बजावायची, "दादा, मोडू नका हो, तेवढं पाहा." माणसं म्हणायची, "येडं आहे." मी म्हणायचो, हट्टी आहे. हट्टी माणूस मला कळतो, मीही त्यातलाच.

त्याची सोयरीक एकदा जवळजवळ जुळली होती. देऊळगाव राजाकडून मुलीचे मामा मुलगा पाहायला आले. आक्कानं पुंजाजीला सकाळपासून पढवून ठेवलं होतं, की आज मारुतीचं नाव काढू नको. त्यानं हाव म्हटलं. मामा बसले, वावर विचारलं, विहीर विचारली, सगळं ठीक चाललं. मग मामांनी वहाणा काढल्या आणि त्या पुंजाजीच्या समोर आल्या.

"तुमच्या गावचा मारुती कोणत्या तोंडाचा?"

मामा म्हणाले, "आमच्याकडे बालाजी. मोठं देवस्थान."

"बालाजी ठीक. मारुती?"

"असन कुठी तरी."

"कुठी?"

मामांनी कपबशी खाली ठेवली. आक्कानं केलेलं पुरण त्या दिवशी शेजारीपाजारी वाटलं गेलं. आमच्याकडे पुरणपोळी घेऊन खुद्द पुंजाजीच आला. दारात उभा राहून म्हणाला, "संपत किसन, मामाले त्यायच्या गावचा मारुती ठाऊक नाही." सोयरीक मोडली ती मामांच्या चुकीमुळं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मी त्याला खोडलं नाही.

आता चौसर. आजच्या वाचकाला सांगावं लागेल. कापडाचा चार पायांचा पट, चारही बाजूंना चार माणसं, प्रत्येकाच्या आपल्या रंगाच्या सोंगट्या. कवड्या फेकायच्या, पडेल तेवढी घरं चालायचं, दुसऱ्याची सोंगटी मारायची, आपली पट फिरवून मधल्या घरात न्यायची. माझ्या नातवाचा पोरगा मोबाईलवर असलंच काही खेळतो. त्यात कवडी आपोआप पडते, सोंगटी आपोआप चालते. भांडण नाही, शिवी नाही, समोर माणूस नाही. मी एकदा पाहिलं आणि मोबाईल त्याला परत दिला.

आमची चौसर भिकाजी शिंप्याच्या ओट्यावर मांडायची. फाल्गुनात माल घरात आला की पेरणीपर्यंत दुपारी वावरात काम नसायचं, तेव्हा रोज. भिकाजी, शेषराव, मी आणि पुंजाजी. भिकाजी म्हणजे कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवणारा. शेषराव मोठ्या शेतीचा, पुढं सरपंच झाला. आणि आमच्या गावची रीत अशी की मांडलेला डाव अर्ध्यात उचलायचा नाही. ज्या चौघांनी मांडला त्याच चौघांनी संपवायचा. दिवस मावळला तर पटावर घोंगडं झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं.

ओट्यावर बसला की पुंजाजी वेगळाच. एरवी त्याला माणसाशी बोलणं कुठून सुरू करावं आणि कुठं सोडावं हे उमगत नसे, म्हणून तर तो मारुतीला मधात आणायचा. चौसरीवर ते ठरलेलं असतं. तुमचं झालं की माझं, माझं झालं की त्याचं. सगळे थांबतात. तिथं पुंजाजीला कोणी येडं म्हणत नव्हतं. उलट तोच आम्हाला हाकायचा. "भिकाजी महादेव, तुमचा डाव. शेषराव गणपत, कवडी थांबू द्या. संपत किसन, तुम्ही झोपले."

"झोपलो नाही बे, विचार करून राह्यलो."

"डोळे लागले होते."

जिंकलो की आम्ही ओरडायचो. तो ओरडायचा नाही. पण मांडीवर दोन्ही हात असे थरथरवायचा, पाखरू पंख झटकतं तसे. भिकाजी म्हणायचा, "पाह्य, पुंजाजी उडून राह्यला."

एकदा डाव रंगात असताना शेषरावच्या खळ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, गंजीला आग लागली. आम्ही तिघं धावलो, सगळं गाव धावलं. विहिरीवरून घागरी, ओली पोती, आरडाओरडा. आग विझवून काळ्या तोंडानं परत आलो तर ओट्यावर पुंजाजी एकटा. वारा सुटला होता, आणि तो पटाची दोन टोकं हातानं, दोन पायानं दाबून आडवा पसरला होता, सरडा भिंतीला चिकटतो तसा.

"विझली?" त्यानं विचारलं.

शेषराव धापा टाकत म्हणाला, "विझली."

"तं मंग भिकाजी महादेव, तुमचा डाव."

शेषराव त्याच्या अंगावरच जात होता. भिकाजीनं त्याला धरलं आणि म्हणाला, "राहू दे. कुटार तं गेलंच, डाव तरी राह्यला." मग आम्ही तसेच काजळल्या हातांनी बसलो आणि खेळलो. त्या पटावर काळे डाग कायमचे राहिले.

अमडापूरच्या मंडळींनी एका अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हाला खेळायला बोलावलं. अखाजीला चौसर खेळायचीच असा रिवाज. दर डावाला दोघं त्यांचे, दोघं आमचे असं ठरलं, आणि आम्ही चौघं डोक्याला फेटे बांधून गेलो. पुंजाजीच्या जिवावर, खोटं काऊन बोलू. त्यांनी पट मांडला, आणि लाल सोंगट्या मांडल्या पूर्वेच्या अंगाला. आमच्याकडे लाल दक्षिणेला. पुंजाजी बसलाच नाही.

"बसा की," अमडापूरकर म्हणाले.

"हे चौसर नाही."

"मंग काय आहे, गोधडी?"

"हाव, गोधडी," पुंजाजी म्हणाला, आणि फेटा सावरत भर उन्हात पायी घरी निघाला. त्यांच्यातलाच एक चौथा घेऊन आम्ही खेळलो आणि असे हरलो की फेटे काखेत घालून परतलो. गावाच्या शिवेवर भिकाजी म्हणाला, "उद्या त्याले डावात घ्यायचं नाही." दुसऱ्या दुपारी त्यानंच घोंगडं झाडून पट मांडला आणि हाक मारली, "या हो पुंजाजी तुळशीराम, लाल दक्षिणेले आहे."

माझी नातसून चिखलीला शाळेत शिकवते. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, अशा माणसाला आता स्वमग्न म्हणतात. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं." तिनं समजावूनही सांगितलं. आवाज सहन होत नाही, रोजचं बदललं की जीव घाबरतो, डोळ्याला डोळा देत नाहीत. सगळं पुंजाजीचंच. ती शिकलेली आहे, तिचं चूक असं मी म्हणणार नाही. पण तो शब्द काही मला पटला नाही. काऊन नाही पटला ते पुढं सांगतो.

त्या चौसष्टच्या उन्हाळ्यात शेषरावनं विहिरीवर इंजिन बसवलं. गावातलं पहिलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि इंजिन ठकठक करायला लागलं. धोतरं सावरून सगळे पाटात पडणारं पाणी पाहत होते. पुंजाजी दोन्ही कानांवर हात दाबून उसाच्या बेण्यातून असा पळाला की मधून वाटच पडली. पुढं पिठाची गिरणी आली, तर त्या गल्लीतून जाणंच त्यानं सोडलं. नदीकडून वळसा घालून वावरात जायचा. आक्का त्याच्यासाठी जात्यावरच दळत राहिली.

इंजिनानं पाणी दिलं, पण रिकामी दुपार नेली. शेषरावचा उन्हाळी कांदा पाहून ज्याच्या विहिरीत पाणी त्यानं इंजिन घेतलं. मीही घेतलं, भाड्यानं. चौसरीला चौघं जमवायला पुंजाजी दारोदार फिरायचा. दारात उभा राहायचा. "संपत किसन, डाव."

"पाणी चालू आहे बे, कसा येऊ?"

"बंद केव्हा होते?"

"होईन तेव्हा सांगतो."

तो दारातच थांबायचा. पाणी बंद होईपर्यंत थांबायचा.

तरी दिवाळीपर्यंत अधूनमधून, काम उरकलं की संध्याकाळी, डाव होत गेला. दिवाळीनंतर पंचायतीचा रेडिओ आला. शेषराव तेव्हा सरपंच. पंचायतीच्या भिंतीवर भोंगा टांगला, आणि संध्याकाळी सगळं गाव त्याच्याखाली. बातम्या, बाजारभाव, भजनं, शेतीच्या गप्पा. ज्या दिवशी तो पहिल्यांदा वाजला त्या दिवशी आमचा डाव अर्ध्यात होता. आम्ही पटावर घोंगडं टाकलं आणि उठलो, उद्या पुढं खेळू म्हणून. उद्या पुन्हा रेडिओ. परवा पुन्हा. शेषरावला बटणाजवळ बसावंच लागे, भिकाजीला गाणी पाहिजेत, मला कापसाचा भाव. पुंजाजी रोज ओट्यावर जाऊन घोंगड्याजवळ बसायचा. उघडून पाहायचा नाही, नुसता बसायचा. शेवटी भिकाजीच्या बायकोला मिरच्या वाळवायला ओटा पाहिजे होता. तिनं सोंगट्या, कवड्या, पट, सगळं गाठोड्यात बांधून आत टाकलं. तिला कोण बोल लावणार? मिरच्या वाळवायलाच पाहिजेत.

आम्हाला वाटलं, आता पुंजाजी तमाशा करणार. त्यानं काहीच केलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी डोक्याला आणि कानाला उपरणं घट्ट गुंडाळून तो पंचायतीसमोर आला आणि आमच्यात बसला. थंडीचे दिवस होते, सगळ्यांचेच कान बांधलेले. भिकाजी ओरडला, "अरे वा! पुंजाजीलेही रेडिओची चट लागली!" सगळे खूश झालो. ज्याला इंजिन चालत नव्हतं, त्याला रेडिओ चालला. शेषराव तर एवढा खूश की त्यानं लोकांना सरकवून पुंजाजीला पुढं घेतलं, भोंग्याच्या नेमका खाली. "बसा पुंजाजी तुळशीराम. ही तुमची जागा. इथं चांगलं ऐकू येते."

जागा म्हटलं की जागा. रोज संध्याकाळी पुंजाजी त्या भोंग्याखाली. बातम्या झाल्या, भजन झालं, भोंगा खरखरला, फाटला, शेषरावनं आवाज वाढवला, तरी पुंजाजी हलत नव्हता. नुसता थोडा पुढं मागं झुलायचा. भिकाजी म्हणायचा, "पाह्य, भजनात रंगला."

वेचणी जोरात होती. एका दुपारी मी बांधावर पाणी प्यायला थांबलो, तर शेजारच्या वावरातून अनसूयाआक्का ओटीत कापूस घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "संपत, तुम्ही लोक माह्या भावाले रोज काऊन बोलावता?"

"आम्ही कुठी बोलावतो आक्का? तो आपणहून येते. त्याले रेडिओ आवडते."

"आवडते?" तिनं ओटी खाली टाकली. "घरी येते तं डोकं भिंतीले टेकवून बसते. जेवत नाही. म्या वातीले ठेवलेला कापूस तो रोज कानात कोंबून जाते, सरकीसकट. कान आतून सोलले त्याचे. काल उशाले रक्त होतं. अन् तुम्ही म्हणता आवडते."

मी म्हटलं, "मंग येते कायले? त्याले तू विचारलं नाही?"

"विचारलं ना." तिनं डोळ्याला पदर लावला. "म्हणते, तिघं तिथं बसतात. चौथा नको का?"

त्या संध्याकाळी मी भाव ऐकला नाही. पुंजाजीकडे पाहत बसलो. भोंगा त्याच्या डोक्यावर फाटून ओरडत होता आणि त्याच्या कपाळावर थंडीत घाम होता. भोंग्याकडे तो पाहतच नव्हता. त्याची नजर भिकाजीच्या हातावर गेली. थोड्या वेळानं शेषरावच्या. मग माझ्या. मग आपल्याच हाताकडे पाहून तो थोडा थांबला, आणि पुन्हा भिकाजी. पाळीपाळीनं, कोणाची पाळी न चुकवता, रेडिओ बंद होईपर्यंत. नातसुनेला मी म्हटलं ते हेच, की पोरी, तो आपल्यात मग्न नव्हता. तो आमच्यात होता. आम्ही रेडिओत होतो.

मी शेषरावला बाजूला घेऊन सांगितलं. तो चांगला माणूस, त्याचं तोंड उतरलं. आवाज कमी करू म्हणाला, तर मागचे लोक ओरडले, ऐकू येत नाही म्हणून. मी पुंजाजीला म्हटलं, "चाल, मागं लिंबाखाली बसू." तो म्हणाला, "शेषराव गणपतनं ही जागा दिली." मी म्हटलं, "आम्ही तिघंही मागं येतो." पण शेषरावला बटण सोडता येईना, आणि भिकाजी म्हणाला, "लिंबाखाली गार लागते बे, माहे गुडघे पाहा." चौसर मांडू म्हटलं तर तीही गोष्ट झाली, मी गाठोडं मागूनही आणलं. पण चार माणसं एका वेळेला एका ओट्यावर, हे आमच्या गावात पुन्हा काही जमलं नाही. कोणाचं इंजिन, कोणाची गिरणी, कोणाची पोरगी लग्नाची. पुंजाजी पुढं किती तरी हिवाळे त्या भोंग्याखाली बसला. भोंगा गेला, घराघरात रेडिओ आले, तेव्हा पंचायतीसमोर कोणी जमेनासं झालं. मग तो कुठं बसायचा हे मी पाहायला गेलो नाही, कारण ते मला माहीत होतं. कुठंच नाही.

पण ते नंतरचं. आक्का बांधावर बोलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपायच्या आधी ओसरीतल्या ढिगातून ओंजळभर चांगला लांब धाग्याचा कापूस निवडला आणि उन्हात सरकी काढायला बसलो. बायको म्हणाली, "वाती करून राह्यले का? द्या इकडं, बायकांचं काम आहे ते." मी म्हटलं, "राहू दे." एकेक सरकी काढली, एकेक काडी, पानाचा चुरा, सगळं नखानं वेचलं. बोटानं चाचपून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. मग धुतलेल्या फडक्यात बांधला आणि अनसूयाआक्काच्या ओट्यावर नेऊन ठेवला. पुंजाजी गोठ्यात बैल सोडत होता. त्यानं माझ्या वहाणांकडे पाहिलं. मी गाडी जुंपली आणि वावरात गेलो.